कंडक्टर काकांचं शून्य

कंडक्टर काका न दिसलेले पक्षी लिहून ठेवायचे. दिसलेले तर सगळेच लिहितात. काकांच्या वहीत मात्र प्रत्येक थांब्याखाली ठरलेली एकतीस नावं असायची आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त नावांपुढे शून्य. गोल, मोठं, दाबून काढलेलं शून्य. मी पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा मला वाटलं, हा माणूस पक्षी पाहण्यात फार कच्चा असावा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता सांगायला ते नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव सावनेरकडचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात हात वर करायचीही मला भीती वाटायची. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी प्रकल्पासाठी मला कॉलेजमागचा माळ दिला. म्हणाल्या, "रविवारी सकाळी साडेसहाला चहाच्या टपरीवर जा. खाकी शर्टातले एक काका भेटतील. वेळेवर जा मात्र, ते कुणासाठी थांबत नाहीत." मी सहा पस्तीसला पोहोचले. काका शंभरेक पावलं पुढे निघून गेले होते. मी धावत जाऊन त्यांना गाठलं, तर मागे वळून न पाहता ते म्हणाले, "सुटलेल्या गाडीत पळत चढू नये वं पोरी. पडशील. पुढच्या रविवारी ये." मला खरंच परत पाठवलं. पुढच्या रविवारी मी सहा वाजताच टपरीवर जाऊन बसले होते.

काकांनी सगळा जन्म एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टरकी केली होती. नोकरी सुटली, पण खाकी शर्ट आणि खांद्यावरची चामडी पिशवी सुटली नाही. शर्ट माळाच्या रंगात मिसळतो, पक्षी बिचकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पिशवीत भाजलेले चणे, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि वही. माळावर त्यांनी बावीस थांबे ठरवले होते. बोरीचा थांबा, नाल्याचा थांबा, फुटक्या टाक्याचा थांबा, मेलेल्या कडुनिंबाचा थांबा. प्रत्येक थांब्यावर बरोबर पाच मिनिटं उभं राहायचं, लिहायचं, मग पिशवीच्या पितळी कडीवर पेन्सिलीने हळूच दोनदा वाजवायचं, टिक टिक. ती डबल बेल. ती वाजल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही. एकदा माझ्या पायावर मुंगळे चढले आणि मी बेलच्या आधी उडी मारली. काका म्हणाले, "मुंगळे लिहिले का? नाही? मग काहून नाचून राहिली?"

पक्ष्याकडे ते कधी बोट दाखवायचे नाहीत. बोट दाखवलं की माणूस बोटाकडे पाहतो आणि पक्षी माणसाकडे, असं त्यांचं मत होतं. ते ओठ न हलवता दिशा सांगायचे, तीही गाडीची. "डावी खिडकी, चौथी सीट, दगडाच्या बाजूले." मला सुरुवातीला काही कळायचं नाही. डोळ्यांसमोर रिकामी बस उभी करून सीट मोजेपर्यंत चंडोल उडून गेलेला असायचा. चार-पाच रविवारांनी असं झालं, की कुणी "ड्रायव्हरच्या मागची सीट" म्हटलं तरी माझी मान आपोआप योग्य दगडाकडे वळायची.

त्यांच्या दुर्बिणीची एक नळी आतून बुरशीने आंधळी झाली होती. माळावर येणाऱ्या पक्षीमित्रांच्या गटातल्या लोकांनी नवी घेऊन द्यायची म्हटली, तर काकांनी साफ नाही सांगितलं. "एका डोळ्यानं जे दिसते तेच अजून पुरतं पाहून झालं नाही." खरं म्हणजे गटातल्या मोठ्या मोठ्या कॅमेऱ्यांचा त्यांना राग होता. कॅमेरावाले पक्षी पाहत नाहीत, पक्षी नेतात, असं ते तोंडावर बोलायचे. त्यामुळे गटात त्यांचं फारसं कुणाशी जमायचं नाही. जमवून घ्यायची घाईही त्यांना नव्हती.

उन्हाळ्यात माळटिटवी उघड्या मुरमावर चार अंडी घालते. पिवळी झालर डोळ्यांपुढे लोंबणारी ही टिटवी तुम्ही पाहिली असेल. काडी नाही, गवत नाही, नुसता खळगा. अंडी अगदी खड्यांसारखी. घरट्याजवळून जाताना काका आकाशाकडे पाहत, चणे खात, गावाला निघाल्यासारखे चालत राहायचे. थांबायचं नाही, वाकायचं नाही, तिकडे पाहायचंही नाही. माणूस जिथे थांबतो तिथे कावळा नंतर येऊन तपासतो. चाळीस पावलं पुढे गेल्यावर ते म्हणायचे, "चार." मी विचारायची, "काका, तुम्ही पाहिलं कधी?" ते म्हणायचे, "तिकिटाविना कोण बसलं आहे, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. न पाहता कळते."

शून्याची गोष्ट मी त्यांना विचारली तेव्हा आमची ओळख दोन महिन्यांची झाली होती. फुटक्या टाक्याजवळ बसून ते चणे सोलत होते. मी धीर करून म्हटलं, "काका, नाही दिसला तर लिहायचं कशाला? जागा सोडून द्यायची."

"तुमच्या फाट्यावर कोणी चढत नसे," काका म्हणाले. माझ्या गावाचा फाटा त्यांच्या जुन्या रस्त्यावरचा. "दुपारच्या फेरीले तर चिटपाखरू नाही. तरी गाडी थांबली का वेबिलावर, तिकिटाच्या हिशेबाच्या कागदावर, तो टप्पा लिहा लागते, शून्य टाका लागते. काहून? उद्या तिथल्या एखाद्या म्हातारीनं अर्ज केला, गाडी येतच नाही म्हणून, तर माझ्यापाशी दाखवायले काय आहे? शून्य आहे. शून्य म्हणजे मी गेलो होतो."

"आणि जागा कोरी सोडली तर?"

"कोरं म्हणजे कंडक्टर झोपला होता."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातावर चणे ठेवले आणि डबल बेल वाजवली.

त्या हिवाळ्यात बातमी आली, की माळावर एका कंपनीची गोदामं होणार. कागदोपत्री तो माळ पडीक होता. कंपनीने पाहणी करून घेतली होती आणि अहवालात लिहिलं होतं, की इथे घरटी करणारे पक्षी आढळत नाहीत. एप्रिलअखेर ग्रामपंचायतीच्या सभागृहात सुनावणी ठरली. पक्षीमित्रांचा गट जागा झाला. गटाचे प्रमुख एक निवृत्त इंजिनिअर होते. आम्ही त्यांना इंजिनिअर साहेबच म्हणायचो. माणूस तळमळीचा. त्यांनी सांगितलं, टिटव्यांनी काही होणार नाही, टिटवी लोकांना घरच्या कोंबडीसारखी वाटते. धाविक हवा. धाविक म्हणजे उघड्या मुरमावर तुरुतुरु धावणारा, तांबूस पोटाचा देखणा पक्षी. एके काळी या माळावर तो असायचा. काकांच्या वहीत मात्र त्याच्यापुढे तीन वर्षांची शून्यं होती.

आणि मार्चमधल्या एका रविवारी मला धाविक दिसला.

मला पुढच्या थांब्यावर पाठवून काका नाल्याच्या थांब्यावर मागे राहिले होते. वही आणि आंधळ्या नळीची दुर्बीण माझ्याकडे होती. ऊन चढलं होतं, जमिनीवरची हवा हलत होती, आणि त्या हलत्या हवेत तपकिरी, सडपातळ, पिवळ्या पायांचा पक्षी थोडं धावला, थांबला, पुन्हा धावला. डोक्यावर पांढरी-काळी रेघ दिसली. तेवढ्यावरच मी दुर्बीण खाली केली. मी वहीत लिहिलं, धाविक १. काकांची वाट न पाहता फोनवरून गटात कळवूनही टाकलं. पाच मिनिटांत साठ जणांनी माझं अभिनंदन केलं. आयुष्यात इतक्या लोकांनी मला एकदम शाबासकी कधीच दिली नव्हती. संध्याकाळपर्यंत इंजिनिअर साहेबांनी तो एक धाविक हरकतीच्या अर्जात पहिल्याच ओळीत घातला.

काकांनी त्या दिवशी ती ओळ वाचली आणि वही पिशवीत ठेवली. पुढच्या रविवारी त्याच थांब्यावर त्यांनी वही माझ्यासमोर धरली.

"डोळ्यापुढं पिवळी झालर होती?"

"नव्हती."

"नव्हती, का पाहिली नाही?"

पाच मिनिटं होऊन गेली तरी काकांनी बेल वाजवली नाही. शेवटी मी म्हटलं, "पाहिली नाही. धावताना पाहिलं आणि... मला तोच हवा होता."

"मागच्या सालचं माळटिटवीचं पिलू असन. या दिवसात असंच दिसते," काका म्हणाले. रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी वहीची जुनी पानं उलटून एक ओळ दाखवली. बगळे ३. तीनवर एक रेघ, पुढे २. बाजूला बारीक अक्षरात, 'एक युरियाचं पोतं निघालं.' "अर्धा तास मी त्या पोत्याले मान हलवताना पाहिलं," काका म्हणाले. "शपथ घेतली असती."

मला हसू आलं आणि रडूही. मी कंपासपेटीतून खोडरबर काढलं. काकांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि सरळ पिशवीत टाकलं. "खोडायचं नाही. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. चुकलो हेही खरंच आहे नं? मग ते काहून मिटवायचं?"

"पण काका, अर्ज गेलाय. माळ जाईल."

"तुझा हात, तुझी रेघ," काका म्हणाले आणि पेन्सिल पुढे केली.

मी रेघ मारली. शेजारी शून्य लिहिलं. ते वाकडं आलं.

इंजिनिअर साहेब टपरीवर येऊन काकांवर तुटून पडले. "एक पक्षी, काका! एका पक्ष्याने माळ वाचतो. कोण विचारायला येणार आहे तुम्हाला? तुमच्या या शून्यापायी शंभर घरटी मुरमाखाली जातील, कळतंय का?"

"कळून राहिलं साहेब."

"मग कुणाच्या बाजूचे आहात तुम्ही?"

"मी गाडीत आहो," काका म्हणाले. "खोटं तिकीट आपल्या माणसाले बी फाडत नाही मी." चहा संपवून ते उठले. साहेब मला म्हणाले, "तू तरी शिकलेली आहेस." मी मान खाली घालून काकांच्या मागे चालू लागले. त्या आठवड्यात गटातले बरेच जण माझ्याशी बोलायचे बंद झाले. अर्जातली ती ओळ साहेबांनी शेवटी मागे घेतली, पण चेहरा असा, की आम्ही दोघांनी मिळून माळ विकून टाकला आहे.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. पंखे गरम हवा ढवळत होते. कंपनीकडून आलेला तरुण माणूस हुशार होता. त्याने काकांची वही मागून घेतली, चाळली आणि अधिकाऱ्यांसमोर उघडी धरली. "साहेब, हे यांच्याच बाजूचे गृहस्थ. दर आठवड्याला येणारे, अत्यंत काटेकोर. ह्यांच्याच वहीत पाहा, दुर्मिळ पक्ष्यापुढे तीन वर्षं शून्य. पानापानावर शून्य. आणि हे एक पान. इथे एक लिहिलं आणि मग कापलं. म्हणजे आधी बनवाबनवी आणि मग भीती."

काका खुर्चीतून उठले नाहीत. माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणाले, "तुझा थांबा आला. उतर."

मी उभी राहिले. रात्रभर पाठ केलेली शुद्ध वाक्यं डोक्यातून पुसली गेली. जे आलं ते घरचं आलं. "ते मी लिहिलं होतं. मले वाटलं धाविक आहे." मागे कुणीतरी फिसकन हसलं. 'मले'ला हसलं, हे मला कळलं. कॉलेजात दोन वर्षं मी त्या हसण्याला घाबरून गप्प बसले होते. त्या दिवशी का कोण जाणे, मी आवाज चढवला. "हो, मले वाटलं. पण मले वाटलं म्हणून पक्षी तिथं येत नाही. मी झालर पाहिलीच नव्हती. चुकली मी. म्हणून कापलं. घाबरून कापलं असतं तर रबरानं खोडलं असतं. ही रेघ आहे. खालचं तुम्हाले वाचता आलं नं? मंग?"

हसणं थांबलं. मग काका उठले.

"साहेब, या भाऊले माझी शून्यं पटली. काटेकोर म्हणाले मले. चांगली गोष्ट आहे." त्यांनी वही परत घेतली. "आता ज्या हातानं शून्य लिहिलं त्याच हातानं आकडे बी लिहिले आहेत. ते बी पटवून घ्या." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. थांबा तिसरा, माळटिटवी, अंडी चार. थांबा सातवा, अंडी चार. थांबा तेरावा, अंडी तीन, पुढच्या रविवारी शून्य, मुंगूस. थांबा सोळावा, पिल्लं दोन. सगळ्या उन्हाळ्यांची पानं त्यांनी एका सुरात वाचली, शून्यांसकट, कंडक्टर थांबे पुकारतो तशी. कुणी अडवायला गेलं नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमची पाहणी कोणत्या महिन्यात झाली?"

तरुणाने कागद पाहिले. "डिसेंबर."

"माळटिटवी अंडी घालते उन्हाळ्यात. डिसेंबरात येऊन म्हणता घरटं नाही." काका अधिकाऱ्यांकडे वळले. "हे शून्य नाही साहेब. हे कोरं आहे. कंडक्टर झोपला होता."

अधिकारी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

आम्ही जिंकलो, असं मी लिहिणार नाही. काका ओरडतील. रस्त्याकडचे नऊ थांबे गेले. तिथे गोदामं झाली आणि भिंत उठली. नाल्याकडचे तेरा थांबे मोकळे ठेवायचे आणि उन्हाळ्यात तिथे यंत्र लावायचं नाही, असा निकाल आला. इंजिनिअर साहेब काकांना भेटायला पेढे घेऊन आले. काका म्हणाले, "पेढे अर्धेच ठेवा. अर्धाच माळ राहिला."

मला वाटलं होतं, आता काका दहाव्या थांब्यापासून फेरी सुरू करतील. तसं झालं नाही. पुढच्या रविवारी साडेसहाला ते भिंतीपाशी गेले. पहिला थांबा आता भिंतीच्या आत होता. काका भिंतीला टेकून पाच मिनिटं उभे राहिले, एकतीस नावांपुढे एकतीस शून्यं लिहिली, कडीवर दोनदा वाजवलं आणि पुढच्या थांब्याच्या जागी निघाले. नऊच्या नऊ थांबे असेच. मी म्हटलं, "काका, इथे आता काय असणार?" ते चिडले. माझ्यावर चिडलेले मी त्यांना तेव्हा एकदाच पाहिलं. "गाडी बंद झाली म्हणून गाव उठून गेलं का? उद्या कोणी म्हणन, इथं कधी काही नव्हतंच. त्याले काय दाखवशील? लिही." मी लिहिलं. एका रविवारी सहाव्या थांब्याशी, भिंतीवरच, काळाभोर कोतवाल पक्षी बसलेला दिसला. काकांनी शून्याच्या रांगेत त्याचा एक असा लिहिला, जसं कुणी सहीच करतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळेपर्यंत त्यांनी नर्सबाईंना सोडलं नाही. मी भेटायला गेले तर वहीत नवा थांबा लिहिलेला. दवाखाना. पारवा १४, घार २, चिमणी ०. आवाज फार खोल गेला होता. मला जवळ बोलावून म्हणाले, "उजवी खिडकी, शेवटची सीट." मी पाहिलं. समोरच्या इमारतीच्या टाकीवर एक खंड्या बसला होता, नदीनाल्यापासून इतक्या लांब. "लिहू?" मी विचारलं. "आधी नीट पाहा," ते म्हणाले.

आठवड्याने त्यांच्या सुनेने मला घरी बोलावून चामडी पिशवी हातात दिली. "बाबा म्हणे, तिले द्या. वेळेवर येते ते पोरगी." पिशवीत चणे होते. दोऱ्याची पेन्सिल होती. तळाशी माझं खोडरबर होतं, जसं घेतलं होतं तसं, न वापरलेलं. आणि वही. खंड्या १ ही त्यांच्या हातची शेवटची ओळ. पुढची पानं कोरी होती. ती मी तशीच ठेवली आणि नवी वही घेतली.

आता मी एम.एस्सी. करते. फेरी रविवारीच असते, साडेसहाला. मागच्या रविवारी इंजिनिअर साहेब पाच मिनिटं उशिरा आले, मी निघाले होते. ते धावत आले, तर मी वळून न पाहता म्हटलं, "पुढच्या रविवारी या साहेब." ते परत गेले आणि मला वाटतं, जाताना हसत होते.

भिंतीपाशी नवा पहारेकरी होता. त्याने मला पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभं पाहिलं आणि न राहवून जवळ आला.

"मॅडम, काय पाहून राहिल्या? इथं तर काहीच नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मंग काय लिहून राहिल्या?"

मी वही त्याच्यासमोर धरली. थांबा पहिला, आणि खाली एकतीस शून्यं. माझी शून्यं आता वाकडी येत नाहीत. मी कडीवर दोनदा पेन्सिल वाजवली आणि दुसऱ्या थांब्याकडे निघाले.